पायऱ्यांजवळचा हापा

चांगुणाबाईंनी सव्वीस वर्षं धागे जोडले. अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात त्या कामाला होत्या. मागावरचा ताणा संपत आला की जुन्या ताण्याचा एकेक धागा नव्या ताण्याच्या एकेका धाग्याला जोडावा लागतो. एका मागाला अडीच हजारांच्या आसपास धागे. दोन बोटांत धरायचे, पीळ द्यायचा, सोडायचे. बाई दिवसाला एक माग पुरा करायच्या आणि उठण्याआधी सगळ्या ताण्यावरून तळहात फिरवून सुटलेला धागा शोधायच्या. तो क्वचितच सापडायचा. मी त्याच कारखान्यात ताणा गुंडाळलेले बीम खांद्यावरून वाहायचो. एकतीस वर्षं वाहिले. माणूस काम करतो की कामाजवळ उभा राहतो, हे मला लांबून कळतं. बाई काम करायच्या. म्हणून त्यांच्याबद्दल लिहितो आहे.

गाठी मारणारं यंत्र आलं आणि बाईंना कारखान्यात जागा उरली नाही. त्याच सुमारास मी निवृत्त झालो. मंद्रूपजवळ संगमेश नावाच्या तरुणाने आपल्या मळ्यात तळी खणून मत्स्यबीजाचा, म्हणजे माशांची पिल्लं तयार करून विकण्याचा धंदा काढला होता. दगडकामाला आणि जाळी ओढायला त्याने मला बोलावलं. मळ्यातच राहायची सोय होती. पिल्लांना खाद्य घालायला नेमकी बाई हवी म्हणाला. मी चांगुणाबाईंचं नाव सांगितलं. त्या बुधवार पेठेतून सकाळच्या एसटीने यायला लागल्या.

मासा चिलापी, म्हणजे तिलापिया. तळ्यात नर-मादी एकत्र वाढले की काही महिन्यांत पिल्लांवर पिल्लं होतात, तळं गच्च भरतं आणि एकही मासा धड मोठा होत नाही. म्हणून तळीवाल्यांना सगळे नर हवे असतात. हे नर निवडायचे नसतात, घडवायचे असतात. पिल्लाच्या पोटाखालची बलकाची पिशवी संपली आणि ते तोंडाने खायला लागलं की त्या दिवसापासून अठ्ठावीस दिवस संप्रेरक मिसळलेलं खाद्य द्यायचं. दिवसातून पाच वेळा. आतून त्याचा कल ठरलेला असतो, पण शरीर अजून कुठल्याही बाजूला वळू शकतं. अठ्ठावीस दिवस नीट गेले तर मादी व्हायचं पिल्लूही नर होतं. चुकले तर ते दिवस परत आणता येत नाहीत.

बाईंनी ते पाच वेळा कधी चुकवले नाहीत. सात, साडेनऊ, बारा, अडीच, पाच. मुठीने टाकून मोकळं व्हायचं नाही. चिमटीने टाकायचं, पिल्लं वर येतात का बघायचं, मग पुढची चिमूट. मे महिन्याच्या उन्हातही ओणवं राहून. मी पाहिलं आहे.

महेश्वरी मॅडम सोलापुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. जुळे सोलापुरातून दर पंधरा दिवसांनी स्कूटीवर यायच्या. नर झाले की नाहीत हे बाहेरून कळत नाही, तेव्हा पिल्लं बोटभर झाली की काही उघडून सूक्ष्मदर्शकातून बघावी लागतात. पाठीच्या कण्याखाली, हवेच्या पिशवीला चिकटून दोन धागे असतात. तेच पुढे नराचे किंवा मादीचे अवयव होतात. ते अखंड उचलायचे, काचेवर ठेवायचे, लाल रंगाचा थेंब टाकायचा, वरून दुसरी काच दाबायची. मॅडमनी आधी दोन शिकलेल्या पोरांना दाखवलं. दोघांनी धागे तोडले. बाई बाजूला खाद्य चाळत होत्या. हात धुऊन आल्या, चिमटा घेतला आणि धागा सबंध काढून काचेवर आडवा ठेवला.

"शंभर काउंटच्या सुतापेक्षा बारीक हाय," म्हणाल्या. "पण वळलेला न्हाय. जपून धरला की येतो."

त्या दिवसापासून सूक्ष्मदर्शक बाईंकडे गेला. मादीचा धागा असला तर त्यात गोल गोल पेशी दिसतात, एकाला एक लागून, प्रत्येकीच्या आत फिकट वर्तुळ. नराच्या धाग्यात नुसते बारीक ठिपके. मीही पाहिलं. एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा मिटून. माझं वय तेव्हा चौसष्ट. जेवायला बोलावलं तेव्हा मी ऐकलं नाही, असं बाई अजून सांगतात.

मॅडमनी एकदा नऊ दिवसांच्या पिल्लाची रंगवलेली काच आणली. त्यात चार-पाच मोठ्या पेशी होत्या, बाकीच्यांपेक्षा वेगळ्या. मॅडम म्हणाल्या, या जननपेशी. मासा अंड्यात असतो, त्याला अजून डोळेही नसतात, तेव्हाच या बाजूला काढलेल्या असतात. मग त्या सरकत सरकत आपल्या जागी जातात. बाईंनी विचारलं, वाट कोण दाखवतं. मॅडमनी सांगितलं की शरीरच वाटेवर रसायनाची खूण सोडतं, त्या खुणेमागून पेशी जातात. मग बाईंनी विचारलं, मुलगा की मुलगी हे पेशी ठरवते की ती जिथं पोचते ते घर. मॅडम हसल्या. म्हणाल्या, अजून मोठमोठे लोक यावर काम करताहेत. घर पेशीला वळवतं, पेशीही घराला वळवते. काही माशांत या पेशी फार कमी पडल्या तर सगळेच नर होतात. एसटीची वेळ झाली तरी बाई उठेनात. जाताना म्हणाल्या, "एवढ्याशा जिवात एवढी ये-जा. आणि वरून पाणी निवांत."

आता ज्या वर्षी घोटाळा झाला त्या वर्षाचं सांगतो.

संगमेशची आई नीलम्मा. आम्ही सगळे अव्वा म्हणायचो. घर लिंगायत, अंडंसुद्धा शिजत नाही, आणि पोराने माशांचा धंदा काढलेला. नातेवाईक लग्नकार्यात टोमणा मारायचे, गळ्यात लिंग आणि तळ्यात मासे. अव्वा ऐकून घ्यायच्या. त्या फेब्रुवारीत त्या गावातलं घर सोडून मळ्यात राहायला आल्या. त्यांना तळ्यावर हातपाय धुता यावेत म्हणून संगमेशने माझ्याकडून सात पायऱ्या बांधून घेतल्या. उंची सहा इंच, रुंदी सव्वा फूट. एकही दगड हलत नाही. पायऱ्यांना लागूनच पहिला हापा होता. हापा म्हणजे बारीक जाळीची उलटी मच्छरदाणी, चार बांबूंना बांधून तळ्यात बुडवलेली. त्यात पिल्लं वाढतात. असे सहा हापे होते.

वीस मार्चला पिल्लं हाप्यात सोडली. मेअखेर तपासणी. करकंबचे शिवानंद सगळं बीज घेणार होते. त्यांना एकदा दुसरीकडे सगळे नर म्हणून मिसळ बीज मिळालं होतं, वर्ष वाया गेलं होतं. ते म्हणाले होते, तपासणीनंतर दोन दिवसांनी येतो, माझ्या डोळ्यांनी बघतो, मग नेतो.

बाई सकाळी तपासायला बसल्या. मी शेजारी चिंचोके घेऊन. नराचा चिंचोका डाव्या वाटीत, मादीचा उजव्या. प्रत्येक हाप्यातले पन्नास. सहाव्या हाप्यापासून सुरुवात केली. उजव्या वाटीत एक पडला. पाचव्यात एकही नाही. चौथ्यात एक. तिसऱ्यात एक. दुसऱ्यात एकही नाही. इतका साफ निकाल आधी कधी आला नव्हता.

मग पहिला हापा. चौथाच मासा मादी. सातवा मादी. आठवा मादी. बाईंनी काच पुसली, पुन्हा लावली. पन्नास झाले तेव्हा उजव्या वाटीत एकोणीस चिंचोके होते.

"आणखी पन्नास आणा," बाई म्हणाल्या.

आणले. एकवीस निघाल्या. शंभरात चाळीस.

खाद्य बाईंनी घातलेलं. तपासणीही बाईंचीच. खोलीत आम्ही दोघंच. मी चिंचोके ओंजळीत घेतले आणि म्हणालो, यंदा ऊन लई होतं, उन्हामुळं झालं म्हणून सांगू. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"मामा, पाणी तापलं तर नर वाढतात. माद्या न्हाय. खोटं बोलायचं तर निदान उलटं तरी नको."

आणि स्वतः उठून संगमेशला सांगायला गेल्या.

संगमेश ओरडणारा माणूस नव्हे. पण त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, मावशी, चौदा एप्रिलला तुम्ही सुट्टीवर होतात. बाई म्हणाल्या, जयंतीच्या दिवशी सकाळी येऊन दोन वेळा मी घातलं आणि मगच मिरवणुकीला गेले. उरलेल्या तीन वेळा मामांनी घातलं. ते खरं होतं. घड्याळ समोर ठेवून घातलं होतं.

"आणि सुट्टी सहाही हाप्यांची होती," बाई म्हणाल्या. "बिघडला एकच."

ते त्याला पटलं. पण शिवानंद परवा येणार होते. तो म्हणाला, तोवर कारण कळलं तर ठीक. नाही तर पुढच्या वेळेपासून खाद्याला आणि सूक्ष्मदर्शकाला दुसरं माणूस बघावं लागेल, कारण गिऱ्हाइकाला काहीतरी सांगावं लागतं. मी बाईंना रडताना कधी पाहिलं नव्हतं, कारखान्यातलं काम गेलं तेव्हाही नाही. सूक्ष्मदर्शकाचं नाव निघालं तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला.

परत खोलीत आलो. टेबलावर परातीत उघडलेल्या माशांची आतडी पडली होती, हाप्याप्रमाणे वेगळे ढीग. मी परात उचलून फेकायला निघालो. बाई म्हणाल्या, ठेवा. आणि वाकून बघू लागल्या.

पाच ढीग तपकिरी होते, खाद्याच्या रंगाचे. पहिल्या हाप्याचा ढीग पांढुरका होता.

बाईंनी एक आतडं चिरलं, आतलं काचेवर घेतलं, डोळा लावला. मग मला बघायला लावलं. मला पांढरा चुरा आणि तांबूस टरफलाचे तुकडे दिसले. मी म्हणालो, काय आहे.

"जोंधळा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "मामा, ही भाकरी हाय. भाजलेली. कडेचा करपलेला पापुद्रा बी दिसतोय. मासा आधीच पोट भरून बसलाय, मग माझं खाद्य कशाला खातोय. तळाशी रोज उरायचं, मला वाटायचं पिल्लं नाजूक हायत. पायऱ्यांवर सकाळी कोण येतं?"

मी सांगितलं, अव्वा येतात. उजाडताना, पाय धुवायला.

"पदर बांधून?"

मी आठवून पाहिलं. होय, पदराची ओटी करून. दोन महिने रोज समोरून जाताना पाहिलं होतं आणि मनात कधी विचारलं नव्हतं. पायऱ्याही मीच बांधलेल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंना त्यांच्या मुलाने अंधारातच गाडीवर आणून सोडलं. आम्ही दोघं पंपाच्या खोलीआड उभे राहिलो. फटफटलं. अव्वा आल्या. कपाळाला विभूती, पदराची ओटी. पाचव्या पायरीवर बसल्या आणि कुस्करलेली भाकरी चिमटीचिमटीने हाप्यात सोडायला लागल्या. बाई घालतात तशीच, मासे वर येतात का बघत. पाणी नुसतं उसळत होतं.

बाई जाऊन त्यांच्या खालच्या पायरीवर बसल्या. अव्वा दचकल्या नाहीत.

"पैल्या दिवसापासनं घालते," त्या म्हणाल्या. "चाळणीतनं पिठासारखी बारीक करून. आता जाड चालती. ह्यांची आई अंडी तोंडात धरती आणि पिल्लं सुटेपर्यंत उपाशी बसती. संगू म्हणाला मला. तुमी तिच्या तोंडातनं काढून आणता. मग त्यांना घास कुणी घालायचा? तुमची ती भुकटी, वास मारती."

सिद्धेश्वराच्या तळ्यावर अव्वा लहानपणापासून माशांना चुरमुरे टाकत आल्या होत्या. त्यांना यात चोरी वाटली नव्हती. पोराच्या धंद्याचं पाप थोडं हलकं होईल एवढंच वाटलं होतं.

"अव्वा," बाई म्हणाल्या, "तुमच्या भाकरीनं माझं काम जातंय."

आणि सगळं सांगितलं. अठ्ठावीस दिवस, खाद्य, नर, शंभरात चाळीस, उद्या येणारे शिवानंद. कानडी शब्द घालून सांगितलं, कारण अव्वांना तसं नीट कळायचं. अव्वांचा हात पदरात तसाच राहिला.

"म्हंजे माझी भाकरी खाल्ली म्हणून त्या पोरी ऱ्हायल्या?"

"व्हय."

"चाळीस?"

"शंभरात चाळीस. हाप्यात हजार हायत."

अव्वांचा चेहरा उजळला. बाईंचं काम जात होतं आणि ही म्हातारी हसत होती.

"तुमी समद्या पोरींची पोरं करायला निघालाय," त्या म्हणाल्या. "भाईर कमी चाललंय काय त्ये? हितं तरी चारशे वाचल्या की."

मला हसू आवरेना. बाईंनी आधी माझ्याकडे रागाने पाहिलं, मग त्याही हसल्या. हसता हसता डोळे पुसले.

मग अव्वा म्हणाल्या, दाखव मला. मासा चिरताना त्या दाराबाहेर पाठ करून उभ्या राहिल्या. काच तयार झाल्यावर नाकाला पदर लावून आत आल्या आणि स्टुलावर बसल्या. डोळा लावायला वेळ लागला. लागला तेव्हा त्यांनी नाकावरचा पदर सोडून दिला.

"कणसात दाणं भरल्यागत," म्हणाल्या. "ही पोर?"

बाईंनी सांगितलं, ही मादी, हे गोल म्हणजे तिची पुढची अंडी. मग दुसऱ्या हाप्यातल्या नराची काच लावली. अव्वांनी पाहिली आणि लगेच म्हणाल्या, पैलीच लाव. तीन वेळा लावून घेतली. ज्या मुलीच्या पोटात अजून घास मावत नाही तिच्या पोटात पुढची पिढी रांगेत बसली आहे, हे त्यांनी कानडीत दोनदा म्हटलं. मग एकदम उठल्या. "साकु," म्हणाल्या, म्हणजे पुरे. आणि काठी टेकत थेट संगमेशकडे गेल्या.

मायलेकांत काय बोलणं झालं ते आम्हाला कळलं नाही. थोड्या वेळाने संगमेश खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, मावशी, चहा घ्या. बाई म्हणाल्या, चहा नंतर. आधी पहिला हापा विकायचा नाही हे ठरवा. त्याने मान हलवली. मग हळूच म्हणाला, चुकलं माझं. बाईंनी ऐकलं आणि काच धुवायला घेतली.

दुसऱ्या दिवशी शिवानंद आले. बाईंनी त्यांना सगळ्यात आधी पहिल्या हाप्यातली मादी दाखवली. ही आमची बिघडलेली, म्हणाल्या, ही देणार नाही, पण मिसळ बीज कसं दिसतं ते ओळखून ठेवा. शिवानंदांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, आता चौथ्यातले मी काढणार. स्वतः जाळं टाकून पन्नास काढले. बाई एकामागून एक धागा उचलत गेल्या, शिवानंद प्रत्येक काचेला डोळा लावत गेले, मी चिंचोके टाकत गेलो. तीस झाले. चाळीस झाले. उजवी वाटी कोरडी. पंखाही बंद केला होता. सत्तेचाळिसावा मादी निघाला. शिवानंदांनी स्वतःच ओळखला, बाईंच्या आधी. पोरासारखे खूश झाले. पन्नासात एक. त्यांनी पाचही हापे नेले. जाताना संगमेशला म्हणाले, बाई बदलू नका.

पंधरा दिवसांनी मॅडम आल्या. त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. मग म्हणाल्या, मी दोन वर्षं संगमेशला सांगते आहे की प्रत्येक वेळी एक छोटा हापा संप्रेरकाच्या औषधाशिवाय ठेवा. त्यात निम्म्या माद्या निघाल्या पाहिजेत. त्या निघाल्या तरच बाकीच्या हाप्यांतले नर खाद्यामुळे झाले हे ठामपणे सांगता येतं. तो म्हणायचा, न विकता येणारे मासे कोण सांभाळणार. आता सांभाळणारं माणूस मिळालं आहे.

तेव्हापासून पायऱ्यांजवळ लहान हापा असतो. त्यात साधं खाद्य, औषध नाही. बाईंची पाचवी फेरी झाली की वर थोडी भाकरी टाकायची अव्वांना मुभा आहे. बाकीचे हापे मी तळ्याच्या पलीकडच्या बाजूला हलवले. एकट्याने, दोन दिवसांत, वीस बांबू.

पुढच्या खेपेची तपासणी आली. पाच हापे झाले, उजव्या वाटीत सगळे मिळून तीन. मग लहान हापा. अव्वा खोलीबाहेर काठीवर हनुवटी ठेवून बसल्या होत्या. दर थोड्या वेळाने आतल्या आवाजाचा कानोसा घ्यायच्या. चाळीस मासे झाले. मी उजव्या वाटीतले चिंचोके मोजले, एकोणीस. डाव्या वाटीत एकवीस.

"चांगुणा," अव्वांनी बाहेरून विचारलं, "माझ्या पोरी किती गं?"

बाईंनी डोळा काचेवरून न काढता पुढच्या धाग्यासाठी चिमटा उचलला.

"थांबा अव्वा. अजून धा ऱ्हायलेत."